आधी व्याख्यान, मग लाथ

मी पायाळू आहे. म्हणजे जगात येताना डोकं आधी न काढता पाय आधी काढले. आमच्या नरखेड तालुक्यात अशा माणसाच्या पायात गुण असतो असं मानतात. कोणाच्या पाठीत उसण भरली, कंबर लचकली, तर पायाळूने पाठीवर तीनदा लाथ मारायची, की दुखणं गेलं. हे खरं आहे असं सिद्ध करायला मी बसलेली नाही. माझा नवरा हाडाचा डॉक्टर आहे, आणि घरात सिद्ध करणारं एक माणूस पुरे होतं.

लहानपणी माझ्या पायाला भारी मागणी होती. संत्र्याच्या झाडांना आळी करताना, विहिरीतली मोटर वर ओढताना, कापसाची गाठोडी उचलताना लोकांच्या पाठी भरायच्या आणि सकाळी सकाळी आमच्या दारात कोणीतरी वाकडं होऊन उभं राहायचं. मी तोंडातलं मंजन थुंकून यायची आणि लाथ मारून परत दात घासायला जायची. सरपंचांपासून शाळेतल्या मास्तरांपर्यंत गावात माझी लाथ न खाल्लेला मोठा माणूस शोधून सापडला नसता. गणिताच्या मास्तरांना तर मी जरा जास्तच मन लावून मारली होती.

नियम आईने घालून दिले होते. वडीलधाऱ्याला पाय लागला तर पाप, म्हणून लाथ मारायच्या आधी त्याच्या पाया पडायचं आणि मारून झाल्यावर पुन्हा पडायचं. मोबदला घ्यायचा नाही, घोटभर चहासुद्धा नाही, नाहीतर गुण जातो. आभाळ कडाडायला लागलं की बागेत थांबायचं नाही, कारण पायाळूवर वीज पडते. एकदा मी विचारलं, माझीच पाठ भरली तर लाथ कोणी मारायची? आईने ते माझ्या जन्माच्या वेळच्या सुइणीला जाऊन विचारलं. ती म्हणाली, पायाळूची पाठ भरतच नसते. हे मी पासष्टी उलटेपर्यंत खरं मानून चालले.

मला पाहायला आले तेव्हा माझ्या दादाने मुलाकडच्यांना मोठ्या अभिमानाने सांगितलं, की मुलगी बीएस्सी आहे, स्वयंपाक करते आणि पायाळू आहे. मुलगा हाडाचा डॉक्टर. त्याच्या घशात पोहे अडकले. लग्न झाल्यावर त्यांनी मला हसत हसत एवढंच सांगितलं की हे दवाखान्यात कोणाला कळू देऊ नकोस, नाहीतर माझी ओपीडी घरी भरेल. मीही हसले. नागपुरात मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि पाय चपलेत ठेवला. दिवाळीला माहेरी गेले की तेवढ्या दोन-चार लाथा व्हायच्या, म्हणजे हात बसलेला राहतो तसा पाय बसलेला राहिला.

आता आम्ही दोघंही रिटायर झालो आणि नागपुरातच मनीषनगरात राहतो. डॉक्टरांचा वेळ जाता जाईना. मग त्यांना ते संग्रहालय सापडलं. शहरातल्या एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत कोणीतरी हौसेने वैद्यकाच्या इतिहासाचं छोटंसं संग्रहालय केलं आहे. काचेच्या सिरिंजा, दात उपटायचे भयंकर चिमटे, जळवा ठेवायच्या बरण्या, आणि हॉलच्या कोपऱ्यात काचेच्या कपाटात एक सांगाडा. महिन्यातून एका रविवारी सकाळी तिथे व्याख्यान असतं. यायला कोणालाही मुभा, त्यामुळे कोणीही येतं. निम्मे लोक एक्स-रे घेऊन येतात आणि प्रश्नोत्तरं सुरू झाली की ते उजेडासमोर धरतात. भूल देण्याच्या इतिहासावर व्याख्यान झालं तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघांना तर इतिहासाचा प्रत्यक्ष अनुभवच आला. त्यांना हलवून उठवावं लागलं.

आमचे डॉक्टर एकही व्याख्यान चुकवायचे नाहीत. शेवटी हात वर करायचे, उभे राहायचे, घसा साफ करायचे आणि म्हणायचे, "प्रश्न नाही, एक दुरुस्ती आहे." मग ती दुरुस्ती मूळ व्याख्यानाएवढी चालायची. वक्ते त्यांना पाहूनच घाम पुसायला लागले. संग्रहालय चालवणाऱ्या मॅडम तरुण आणि हुशार. त्यांनी ओळखलं की या माणसाला गप्प बसवायचा एकच उपाय आहे, तो म्हणजे त्यालाच बोलायला लावणं. विषय ठरला, पाठदुखीचा इतिहास.

त्या दिवसापासून घरात दुसरं काही बोलणंच उरलं नाही. वरणाला फोडणी घालताना मला मणक्याचं ट्रॅक्शन ऐकावं लागे. प्राचीन काळी रुग्णाला शिडीला उलटं बांधून शिडी खाली आपटायचे, हे मी इतक्या वेळा ऐकलं की मला त्या शिडीवर जागा मिळाली तर बरं असं वाटायला लागलं. पण ते रिटायर झाल्यापासून मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं, म्हणून मी मटार सोलत ऐकत राहिले.

आणि एका संध्याकाळी ते चित्र आलं. लॅपटॉपवर एक नऊवारीतली जाडजूड बाई, आणि तिचा पाय एका वाकलेल्या माणसाच्या पाठीवर. वर लाल अक्षरांत लिहिलेलं, अंधश्रद्धा. डॉक्टर म्हणाले, इथे मी असं म्हणणार आहे, की बायकोच्या लाथेने पाठ सरळ होत असती तर या शहरात एकही नवरा वाकून चालला नसता. पहिल्यांदा मलाच हसू आलं. मग मी त्या बाईचे पाय पाहिले आणि हसू गेलं.

मी म्हटलं, हे काढा. ते म्हणाले, का, तुझं नाव थोडीच घेतोय? मी म्हटलं, दादा गावाहून ऐकायला येणार आहे. ते म्हणाले, उत्तम, त्यालाही दोन गोष्टी कळतील. अस्सा संताप आला मला. मटाराचं टोपलं बाजूला सारलं आणि इतक्या वर्षांत नीट कधी न सांगितलेलं सगळं सांगून टाकलं.

माझ्या वेळी आई अडली होती. पाऊस लागून राहिलेला, काटोलच्या दवाखान्याच्या रस्त्यावर चिखल, गाडी जायची सोय नाही. शेवटी माझे पाय बाहेर आले आणि सुइणीने शर्थ करून मला काढलं. आई वाचली, पण तिची कूस तिथेच मिटली आणि कंबर कायमची गेली. बाहेर ओसरीवर आत्याने ऐकलं आणि म्हणाली, पांढऱ्या पायाची आली. एकदा हा शिक्का बसला की गावात पोरीचं काय होतं ते मला सांगायला नको. पुढे घरात म्हैस मेली तरी तिच्यामुळे आणि बागेवर रोग आला तरी तिच्यामुळे. पण सुइणीने ते ऐकलं आणि ओल्या हातांनी मला घेऊनच ती बाहेर आली. म्हणाली, "पायाळू आहे हे पोरगी. इच्या पायात गुण आहे." माझे आजोबा तेव्हा उसण भरून वाकडे झालेले होते. तिने माझे चिमुकले पाय त्यांच्या पाठीला लावले. आजोबा सरळ झाले. खरंच झाले की नातीसाठी झाले, देव जाणे. दुसऱ्या दिवसापासून गाव मला पाहायला यायला लागलं, आणि पांढऱ्या पायाची हा शब्द मला पुन्हा कोणी लावला नाही.

मी म्हटलं, लाथेने तुमच्या पेशंटची पाठ बरी होते का, हा माझा प्रश्नच नाही. माझं जगणं त्या लाथेने बरं झालं. त्यावर तुम्ही हॉलभर लोकांना हसवणार, आणि ते माझ्या दादाच्या समोर.

डॉक्टरांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, इतिहास भावनेवर चालत नसतो. चित्र काढतो असंही म्हणाले नाहीत आणि ठेवतो असंही नाही. मला फार लागलं ते. मग मीही ठरवलं की स्वयंपाकसुद्धा भावनेवर चालत नसतो. त्यांना बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात जीव की प्राण. व्याख्यान होईपर्यंत मी त्यांना रोज दोडका वाढला. त्यांनी तो निमूट खाल्ला आणि रात्री लॅपटॉप माझ्यापासून वळवून बसायला लागले.

रविवार उजाडला. थंडीचे दिवस, बागांना संत्री लागलेली. दादा गावातल्या चार-पाच जणांना घेऊन एसटीने आला, स्टँडवरून ऑटोने थेट संग्रहालयाच्या फाटकात. जवाई भाषण देणार म्हणून नवं धोतर, आणि सोबत जवायासाठी संत्र्यांचं पोतं. सत्तरीच्या माणसाने पोतं उचलायचं काही कारण नव्हतं, पण दुसऱ्याला उचलू दिलं तर तो दादा कसला. पोतं खाली आलं आणि दादा अर्ध्यातच राहिला. वाकलेला तो वाकलेलाच.

डॉक्टर आतून धावत आले. माझा राग असला तरी खरं ते सांगते, माणूस डॉक्टर म्हणून पक्का आहे. पायाला मुंग्या येतात का, बोटं हलतात का, सगळं नीट विचारलं, तपासलं, आणि सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही, स्नायू आखडला आहे. शेक, एक गोळी आणि चार दिवस आराम. दादाने वाकल्या वाकल्या आदराने ऐकून घेतलं आणि जमिनीकडे पाहतच म्हणाला, "सारं खरं आहे जवाई. पण बाई इथंच उभी आहे ना, मंग गोळी कायले?"

आवारात वीस-पंचवीस लोक असतील. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते म्हणाले, कार्यक्रमाला दहा मिनिटं आहेत, आणि आत निघून गेले.

मी चप्पल काढली. दादाच्या पाया पडले, तीन लाथा मारल्या, पुन्हा पाया पडले. दादा हळूहळू वर आला, कंबरेवर हात ठेवून दोन पावलं चालला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, अर्धं गेलं. पुरतं गेलं म्हणाला असता तर कोणी विश्वास ठेवला नसता. अर्धं म्हणाला आणि घोटाळा झाला. एक्स-रेवाले काका एक्स-रे पिशवीत घालून माझ्या पुढ्यात उभे राहिले. त्यांच्या मागे त्यांच्या मिसेस, त्यांच्या मागे आणखी कोणी. पाहता पाहता व्हरांड्यात रांग लागली. कार्यक्रमाचे अध्यक्ष म्हणून एक निवृत्त सर्जन आले होते, तेही रांगेत आले आणि शेजारच्याला इंग्रजीतून समजावून सांगायला लागले की आपण निव्वळ कुतूहल म्हणून उभे आहोत.

मी सहज दारातून आत पाहिलं. हॉल रिकामा. डॉक्टर माईकसमोर उभे, अंगात नवं जाकीट, पडद्यावर पाठदुखीचा इतिहास असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. समोर फक्त मॅडम आणि कपाटातला सांगाडा. त्यांनी घड्याळ पाहिलं, माईक उगाच खालीवर केला, कागद सरळ केलेले पुन्हा सरळ केले. ते बाहेर आले असते, रागावले असते, तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते उभे होते. माझा सगळा राग जागच्या जागी होता, पण मला ते पाहवेना.

मी रांगेकडे वळले आणि वर्गात बोलायची त्या आवाजात म्हटलं, "आधी व्याख्यान, मग लाथ. मधून जो उठेल त्याला लाथ मिळणार नाही."

पाच मिनिटांत हॉल भरला. मॅडमना खुर्च्या कमी पडल्या, ऑफिसातलं बाकडं आणावं लागलं. आणि त्या संग्रहालयात पहिल्यांदाच असं झालं की कोणी मधून उठलं नाही, कोणी झोपलं नाही, कोणाचा मोबाइल वाजला नाही. शिडीवाल्या भागात तर गावची मंडळी पार पुढे सरकून बसली. डॉक्टर रंगात आले. खरंच छान बोलले. माझी नजर मात्र पडद्यावरून हलेना, कारण शिडीनंतर काय येतं ते मला पाठ होतं.

ते आलं. पडद्यावर नऊवारीतली बाई दिसली, आणि डॉक्टरांनी घाईघाईने बटण दोनदा दाबलं. बाई गेली, कंबरेचे पट्टे आले. मी खुर्चीला टेकले. तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला.

"जवाई, थो पायवाला फोटो राहून गेला. मांगं घ्या ना."

डॉक्टर म्हणाले, ते विशेष महत्त्वाचं नाही. पण दादाला कसा दम निघणार? आपल्या गावची गोष्ट शहरातल्या संग्रहालयात, पडद्यावर लागली होती. तो सोबतच्यांना कोपराने ढोसून सांगत होता की आपली लाथ आहे ते, पाहा. मॅडमनाही काय कल्पना, त्यांनीही आग्रह केला. मग मागे घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाई पुन्हा आली. दादाने डोळे बारीक करून वरची लाल अक्षरं एकेक करून वाचली, मोठ्याने वाचली, आणि त्याचं ढोसणारं कोपर खाली आलं. दादाने मान खाली घातली ती मी पाहिली.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"लाथेने पाठ बरी होत नाही," ते म्हणाले. "उसण चार दिवसांत आपोआप जाते, लाथ मारा की नका मारू. हे मी डॉक्टर म्हणून सांगतो, आणि ते मी बदलणार नाही." मग थांबले. घसा साफ केला. "पण एक दुरुस्ती आहे."

हॉलमधली नेहमीची मंडळी दचकली. स्वतःच्याच व्याख्यानाला दुरुस्ती सुचवणारा वक्ता त्यांनी पाहिला नव्हता.

"वरचा शब्द मी घाईत लिहिला. त्या काळात पाय आधी आलेलं लेकरू आणि त्याची आई, दोघांनी वाचणं सोपं नव्हतं. माझ्या सासूबाई वाचल्या, त्यांची मुलगी वाचली. त्या मुलीला कोणी पांढऱ्या पायाची म्हणू नये म्हणून गावाने तिच्या पायात गुण शोधला, आणि म्हातारी माणसं तिच्यापुढे पाठ करून उभी राहिली. पाठदुखीच्या इतिहासात हे बसत नाही. पण मला ते माहीत असूनही मी यावर विनोद लिहिला होता. तो मी करणार नाही."

एवढं बोलून त्यांनी कंबरेचे पट्टे लावले आणि पुढे शिकवायला लागले. मी पदर डोळ्यांना लावला. शेजारच्या बाईंना वाटलं मला पट्ट्यांमुळे भरून आलं.

व्याख्यान संपलं, प्रश्न कोणी विचारले नाहीत, सगळे सरळ रांगेत. उसण आपोआप जाते हे आत्ताच ऐकलेले लोक निवांत लाथ खाऊन गेले. अध्यक्षांनी तर दुसऱ्यांदा मागितली. शेवटी व्हरांडा रिकामा झाला आणि रांगेत एकटे आमचे डॉक्टर उरले. मी विचारलं, तुमच्या पाठीला काय झालं? ते म्हणाले, पाठीला काही नाही, त्या चित्रासाठी मार.

मग काय, मी नियमाप्रमाणे पाया पडले. तीन मारल्या. दुसरी जरा दोडक्याच्या हिशेबाने मारली. आणि पुन्हा पाया पडायला वाकले ती वर आलेच नाही. कंबरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. सुइणीचा शब्द त्या व्हरांड्यात खोटा पडला. दादाने ओरडून विचारलं, इथे आणखी कोणी पायाळू आहे का गा? कोणीच नव्हतं.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मात्र तेज आलं. बोटं हलतात का, मुंग्या येतात का, सगळं साग्रसंगीत झालं. मला घरी आणून आडवं केलं. दादाही आमच्याकडेच राहिला. दोघे वाकडे दोन खोल्यांत आणि डॉक्टर मधे शेकाची पिशवी घेऊन येरझाऱ्या घालताहेत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः गोळाभात केला. गोळे भातात विरघळून गेले होते, तेव्हा आम्ही तो नुसता भात समजून खाल्ला.

त्याच दुपारी दादा माझ्या पलंगाशी येऊन बसला. त्याची पाठ पुष्कळ सुधारली होती आणि त्याला आता उद्योग हवा होता. तो डॉक्टरांना म्हणाला, जवाई, तुम्हीच लावा पाय. डॉक्टर म्हणाले, मी पायाळू नाही, आणि याचा उपयोग नसतो. दादा म्हणाला, "तशीही आपोआप जाते म्हणून राहिले ना तुम्ही? मंग नुकसान काय?" डॉक्टर उभे राहिले आणि त्यांनी पायातला मोजा काढला.

मी भिंतीकडे तोंड करून हसू दाबत पडले होते. लाथ येईना, म्हणून मान वळवून पाहिलं. डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी जाऊन वाकत होते. मी म्हटलं, अहो, हे काय? तुम्ही मोठे आहात, तुम्हाला पाया पडायची गरज नाही. ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम."

गुडघे करकर वाजले. त्यांनी माझ्या दोन्ही पायांवर कपाळ टेकवलं आणि नमस्काराला लागतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ ते तसेच राहिले. माझे पाय ओले झाले. दादा उठून खिडकीशी गेला आणि संत्रं सोलायला लागला.

लाथ मारायचं राहूनच गेलं. पाठ माझी चौथ्या दिवशी आपोआप बरी झाली, ते त्यांनी बरोबरच सांगितलं होतं.